नमदा बांधलेलं इंजिन

माझ्या नवऱ्याला झोपेतून उठवून विचारा, लेकींचे वाढदिवस त्याला सांगता येणार नाहीत. इंजिनाची कुळकथा मात्र घडाघडा म्हणून दाखवेल. चार सिलिंडर एका रांगेत, सोळाशे सीसी, कागदावर अठ्ठ्याहत्तर घोडे. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. पेट्रोल कार्बोरेटरमधून येतं. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे. "पट्टा न सांगता तुटतो, चेन आधी आवाज देते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझी आई गेली तेव्हा तिच्या मातीला जाताना चेननं आवाज दिला होता. ह्यानं तो ऐकला, मान डोलावली, आणि ऐन घाटात चेन तुटली. रात्रभर आम्ही तिथं कुडकुडत बसलो. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा अंगणात बायका कढया घासत होत्या. आई केव्हाच डोंगरावर जाऊन झोपली होती.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. पुरुष उचलून नेतात, बायका मागं राहतात. म्हणजे अंगणातून उचलायच्या आत पोचलात तर तोंड दिसणार. नाही पोचलात, तर जन्मभर दिसणार नाही.

त्या दिवशी बाबा मला रागावले नाहीत. घोड्यांमागं आयुष्य काढलेला माणूस, मोटारीवर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. फक्त म्हणाले, "पोरी, माझ्या वेळी तरी वेळेवर ये हां. तुला न बघता गेलो तर मला चैन पडायचं नाही." मी म्हटलं, येईन. म्हणजे शब्दच दिला म्हणा ना.

आणि ऑक्टोबरात एका पहाटे भावाचा फोन आला. तिलेबाल्दी माझ्याहून बारा वर्षांनी लहान, माझ्याच पाठीवर वाढलेला. "ताई," एवढंच बोलला आणि मला कळलं. मी खाली बसले.

"रात्री गेले. झोपेत. ताई, ऐक, दुपारच्या नमाजानंतर उचलणार."

"आज? अरे, आजच? आईला दोन दिवस ठेवलं होतं!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता मौलवी म्हणतात, मेलेल्याला ताटकळत ठेवणं पाप आहे. गावानं ठरवलंय. तू लगेच निघ. आणि ताई, आल्यावर मोठ्यानं रडारड नको. तेही आता चालत नाही."

"बापासाठी रडायला आता मौलवीचा परवाना लागतो का रे?"

"ताई, निघ ना गं," तो म्हणाला आणि त्याचाच आवाज फुटला.

शेजारच्या इसाकला भिंतीपलीकडून माझा हंबरडा ऐकू गेला असणार. तो किल्ली हातात घेऊनच आला. त्याची गाडी जपानी, नवी, घाट म्हणजे तिला अंगण. म्हणाला, "काबिलबेकभाऊ, माझी न्या. नाहीतर मीच सोडतो वहिनींना." मला वाटलं, देवच धावला. पण इथंच तर घोडं पेंड खातं. माझा नवरा छाती काढून म्हणाला, "सासऱ्याच्या मातीला जावई दुसऱ्याच्या गाडीत बसून जातो का? लोक काय म्हणतील? तीस वर्षं जावई आहे मी त्या घरचा."

"अहो, लोक जाऊ द्या चुलीत! मला बाबांचं तोंड बघायचंय!"

"बघशील. गाडी ठणठणीत आहे. गेल्याच महिन्यात हेड गॅस्केट बदललंय."

भांडायला वेळ असता तर मी भांडले असते. पण खरं सांगते, आमच्याकडं जावयानं स्वतःच्या गाडीतून, स्वतःचा मेंढा घेऊन जायचं असतं. तसा गेला नाही तर त्याला पाहुण्यांत मान नाही, आणि त्याचा अपमान तो बायकोच्याच माहेरचा अपमान. इसाकलाही ते पटलं. मान खाली घालून तो परत गेला. आम्ही मेंढ्याचे पाय बांधून त्याला डिकीत घातलं.

आता त्या नमद्याचं सांगते, कारण सगळा घात त्यानं केला. इंजिनात पाण्याच्या वाटेवर एक छोटं दार असतं, थर्मोस्टॅट. इंजिन गार असलं की ते मिटतं, तापलं की उघडतं. उन्हाळ्यात जुन्या गाड्या तापतात म्हणून आमच्या खोऱ्यातले झाडून सगळे ते दार उपटून फेकतात. मग थंडी पडली की इंजिन गरमच होत नाही, हीटरमधून बर्फाचा वारा येतो. त्यावर उपाय काय, तर रेडिएटरच्या तोंडावर लोकरीचा नमदा बांधायचा. म्हणजे उन्हाळ्यात एक चूक, आणि हिवाळ्यात तिच्या अंगावर पांघरूण. माझ्या नवऱ्यानं त्या वर्षी नवा नमदा शिवला होता, दुपदरी, कडेला लाल दोऱ्याची नक्षी. लेकीच्या रुखवतात ठेवावा असा. तारेनं करकचून बांधलाही होता.

निघालो तेव्हा नदीकाठच्या गवतावर दहिवर गोठलेलं होतं. सपाटीवर गाडी बरी चालली. हा कान लावून बसलेला, वैद्य नाडी बघतो तसा. मी फोन धरून बसलेले. तोंडानं कोशोकच्या ओळी जुळवत होते. बापाला उद्देशून लेकीनं गायचा विलाप तो, ऐनवेळी सुचत नाही, आधी जुळवावा लागतो. दोन ओळी जुळल्या की इंजिनाचा आवाज बदलायचा आणि त्या विस्कटायच्या.

"काय झालं?"

"काही नाही. चढ लागला."

"मग हे असं धापा का टाकतंय?"

"वर हवा विरळ. पेट्रोल तेवढंच, हवा कमी. अठ्ठ्याहत्तर घोड्यांतले पन्नासच उरतात."

"उरलेले अठ्ठावीस काय खाली गवत चरतायत?"

तो हसला नाही. मीही हसायला बोलले नव्हते.

घाटाच्या पहिल्या वळणांवर ऊन आलं. चांगलं कडकडीत ऊन, आणि वारा पाठीमागून. मी म्हटलं, "अहो, आता तो नमदा काढा. उन्हात कोणी कोट घालून धावतं का?"

"वर बर्फ आहे. आपल्या रेडिएटरमध्ये साधं पाणी आहे, औषध नाही. थर्मोस्टॅट नाही. पाणी गोठलं तर रेडिएटर फुटेल. मग बस हातावर हात ठेवून."

"काटा काय सांगतोय?"

"काटा मेलाय, तुला माहीत आहे. हीटरवर हात धर. हीटर सांगतो."

मी हीटरवर हात धरला. ऊबदार वारा येत होता. जरा धीर आला. आणखी दोन वळणं गेली, आणि तो वारा हळूहळू कोमट झाला. मग चक्क गार. मी म्हटलं, "गार येतोय."

"बघ!" तो खूश झाला. "नमदा असून इंजिन गार आहे. काढला असता तर काय झालं असतं? बायकांना वाटतं, हौस म्हणून बांधतो."

मला इंजिनातलं कळत नाही. तीस वर्षं ऐकून ऐकून जे कानावर पडलं तेवढंच. पण माझं मन म्हणालं, बाई, हे बरं नाही. चढावर घाम न येणारं घोडं बाबा लगेच थांबवायचे. म्हणायचे, घाम आटला म्हणजे आतलं पाणी संपलं. मी ते बोललेसुद्धा. "तुझे बाबा आणि त्यांची घोडी!" म्हणून त्यानं गिअर बदलला.

मग आवाज आला. डब्यात खडे घालून हलवावेत तसा. गाडीचा जोर एकदम गेला, आणि आत एक जळका, तेलकट वास भरला. त्यानं कडेला घेतली. बॉनेट उघडलं. वाफ नाही, धूर नाही, काही नाही. नुसती धग, तंदूरचं झाकण काढल्यासारखी. तो वाकून बघत राहिला आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"पाणीच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पाण्याचा पंप गळला. सगळं वाटेत सांडलं. हीटरमध्ये पाणीच नव्हतं, म्हणून गार वारा आला." मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "इंजिन गार नव्हतं. कोरडं होतं. आणि मी वर नमदा बांधून ठेवला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं चाकू काढला आणि तो नमदा, लाल नक्षीसकट, सटासट कापून दरीत फेकला. बैल गेला आणि झोपा केला.

डिकीत पाण्याचा कॅन होता. मी तो आणायला धावले, तर त्यानं माझा हात धरला. "नको! इतक्या तापलेल्या हेडमध्ये गार पाणी ओतलं तर ते तडकेल. ॲल्युमिनियम आहे. मग इंजिन संपलं. निवायला हवं."

"किती वेळ?"

"तास तरी. जास्तच."

तास! मी फोन बघितला. रेंज नाही. सूर्य बघितला. तो घाईनं वर चढत होता, त्याला कुणाच्या मातीची काय पडली आहे. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. वर जाणारी कुठलीही गाडी येऊ दे, मेंढरांचा ट्रक येऊ दे, मी टपावर बसून जाईन. पण बाजाराचा दिवस. सगळ्या गाड्या सकाळीच खाली उतरून गेलेल्या, वर जाणारी एकही नाही.

शेवटी पलीकडून एक कोळशाचा ट्रक आला. आमच्या घाटात उघड्या बॉनेटच्या गाडीला कोणी ओलांडून जात नाही. तोही थांबला. म्हातारा ड्रायव्हर, तोंडभर काजळी. सलाम करून त्यानं आधी इंजिनात डोकं घातलं, मग माझ्याकडं बघितलं. डोक्यावरचा काळा रुमाल बघून त्याला कळलं.

"कुठलं मयत, लेकी?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यानं टोपी काढली.

"ओस्मोनालीबाबांचं? अगं, आत्ता तिथूनच आलो मी. अंगणात मयताचा तंबू, युर्त, उभा आहे, माणसं जमलीत. कबर खणून झाली म्हणत होते. मी दुवा मागून निघालो." मग जीभ चावल्यासारखा थांबला. "लवकर जा, लेकी. ह्या वळणांत माझा ट्रक फिरत नाही, नाहीतर मीच नेलं असतं."

"कशानं जाऊ?" मी किंचाळले. "सांगा ना, कशानं जाऊ? ह्याच्या बापानं घोडंसुद्धा शिकवलं नाही ह्याला! फक्त हे एक लोखंडाचं मढं तीस वर्षं कुरवाळत बसलाय! आईच्या वेळी हेच, आज बाबांच्या वेळी हेच!"

नवरा मान खाली घालून उभा. मला वाटलं होतं त्यानं उलटून बोलावं, म्हणजे मला आणखी बोलता येईल. म्हातारा ड्रायव्हर ट्रककडं गेला आणि आपला चहाचा थर्मास घेऊन आला.

"चहा ओत रे," तो म्हणाला. "गरम आहे. गरमानं हेड तडकत नाही. तुमचाही काढा."

आमचाही थर्मास होता, मयताच्या वाटेवर म्हणून भरून घेतलेला. माझ्या नवऱ्यानं दोन्ही थर्मास धारेनं, थांबत थांबत रेडिएटरमध्ये रिकामे केले. आत चरचर झाली. खालून पंपातून तपकिरी थेंब टपकायला लागले. मग त्यात थोडं थोडं पाणी मिसळून ओतलं. अजून निवलं नव्हतं, हे मलासुद्धा कळत होतं. म्हातारा हळूच म्हणाला, "असं चालवलंस तर वरपर्यंत जाईल. पुढं नाही. रिंगा जाम होतील. इंजिन हातचं जाईल बघ."

"माहीत आहे," नवरा म्हणाला.

"तासभर थांबलास तर वाचेल."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. तो काय विचारतोय हे मला कळलं, आणि मला दया आली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला एकेरी बोलले. "चालव," मी म्हटलं. "मरू दे तिला. चालव!"

"बस," तो म्हणाला.

त्या चढावर ते इंजिन कसं ओरडलं ते सांगता येणार नाही. आतून हातोडे मारल्यासारखे ठोके. मागं पांढरा धूर, म्हणजे गॅस्केट गेलं, सिलिंडरमध्ये पाणी शिरलं. मग निळा, म्हणजे तेल जळतंय. तो प्रत्येक आवाजाचं नाव घेत होता. "दुसरा गेला... आता तिसरा मारत नाही... दोनावर चाललीय." मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून गुण आठवावेत तसा. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय तो उचलत नव्हता. दोन सिलिंडरांवर, पायी चालल्याच्या वेगानं, आम्ही माथ्याकडं सरकत होतो. मी पुढच्या पत्र्यावर हात आपटत होते, "चल गं बाई, चल, एवढंच." शिव्या देता देता कधी विनवायला लागले, मलाच कळलं नाही.

माथ्यावर रस्ता सपाट झाला, पलीकडं कलला, आणि आत एक जाड धडाका झाला. चाकं फरफटली. त्यानं झटकन क्लच दाबला, गिअर काढला. मग काहीच आवाज नाही. नुसता वारा, आणि डिकीत मेंढा ओरडतोय.

"गेली," तो म्हणाला.

पण गाडी थांबली नाही. उतार होता. ती आपल्या वजनावर घरंगळत निघाली.

खालचं खोरं एकदम समोर उघडलं. नदी, पिवळे पडलेले चिनार, आणि नदीच्या अलीकडं, आमच्या घाटाच्या पायथ्याशी कबरस्तानाची टेकडी. पलीकडं बाबांचं घर. पांढरा युर्त मला तिथूनही दिसला, आणि युर्तासमोर काळी माणसं. आम्ही दुसऱ्या वळणावर आलो तेव्हा ती माणसं रांगांत उभी होती. जनाज्याची, मयताची शेवटची नमाज. तिसऱ्या वळणावर रांगा मोडल्या आणि माणसं एकत्र आली. मग एक ठिपका त्यांच्या डोक्यांवर उचलला गेला.

"उचललं!" मी ओरडले. "अहो, उचललं बाबांना! ब्रेक सोडा!"

"वळण आहे."

"सोडा म्हणते ना!"

"इंजिन बंद आहे, ब्रेक दगड झालाय, दोन्ही पाय लावून दाबतोय! सोडला तर दोघं दरीत जाऊ. तुझ्या बापाशेजारी दुसऱ्या दोन कबरी खणायला लावू का?"

मग प्रत्येक वळणावर ते दिसायचं आणि डोंगराआड जायचं. दिसायचं तेव्हा पुढं सरकलेलं असायचं. आता पुलावर. आता पुलाच्या अलीकडं. आमची गाडी मुक्यानं, घसरत, ब्रेकच्या जळक्या वासात खाली येतेय आणि ती माणसं समोरून कबरस्तानाकडं येतायत. आमच्यात खांदा बदलतात, भराभर बदलतात, मयत हातांवरून वाहत येतं. मी कधी देवाला नवस केला नव्हता. त्या दिवशी केला, की ह्यांच्या पायांत पाय अडकू दे, कुणीतरी पडू दे, काहीही होऊ दे.

उतार संपला. गाडी हळू झाली, आणखी हळू. तो सीटवर पुढं मागं हलून तिला ढकलत होता, लहान पोरं करतात तसं. ती रेतीत थांबली. टेकडीच्या फाट्यापर्यंत अजून मोठं शेत ओलांडायचं होतं. नवऱ्यानं दार उघडलं आणि माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं.

"पळ," तो म्हणाला.

"मी बाई माणूस, तिकडं कशी..."

"पळ गं!"

मी पळाले. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे धरलेले, नांगरलेल्या ढेकळांतून. रुमाल कुठं पडला ठाऊक नाही. कोशोकच्या जुळवलेल्या ओळींतली एक आठवेल तर शपथ. ती युर्तात बसून, भिंतीकडं तोंड करून गायची असते. उघड्यावर, धावत येत, आरोळी ठोकतात ते पुरुष. लांबून घोडा फेकत येणारा मुलगा ठोकतो तशी. माझ्या तोंडून तीच निघाली.

"बापा रे! माझ्या बापा रे! माझ्या पाठीच्या डोंगरा रे!"

माणसांनी माना वळवल्या. पुढं चालणारे मौलवी हात वर करून काहीतरी म्हणाले. खांदेकरी थांबले नाहीत. फाट्याला वळले, टेकडीकडं लागले.

आमच्या लोकांत मेलेल्याचा मुलगा दाराशी काठी टेकून उभा असतो. लांबून रडत येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं तशीच आरोळी देऊन उत्तर द्यायचं. उत्तर दिल्याशिवाय आलेल्या माणसाचा शोक जमिनीवर पडतो, असं म्हणतात. हे आता बंद केलं होतं. तिलेबाल्दीनंच फोनवर सांगितलं होतं. तो पुढच्या खांद्याला होता. मी पुन्हा ओरडले, "बापा रे!", आणि तो जागच्या जागी थांबला. मागच्यांची पावलं अडखळली. त्यानं मान वर केली आणि साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "बापा रे! माझ्या डोंगरा रे! ये गं ताई, ये!"

आणि मग जे थांबलं होतं ते सगळ्यांच्याच छातीतून फुटलं. म्हातारे, तरणे, शेजारी, सगळे पुरुष रस्त्यात उभे राहून ओरडायला लागले.

"मयत थांबवू नका!" मौलवी म्हणत होते. "गुनाह आहे! बाईला मागं घ्या!"

"गुनाह माझ्या डोक्यावर," तिलेबाल्दी म्हणाला. "मी देईन जाब."

एकदा उचललेलं मयत भुईला टेकवायचं नसतं. त्यांनी टेकवलं नाही. खांद्यावरून हातांवर घेतलं, हातांवरून खाली, माझ्या छातीपर्यंत. आठ माणसं वाकून, हातांनी तोलून धरून उभी. तिलेबाल्दीनं एका हातानं वर पांघरलेला गालिचा बाजूला केला, मग कफनाची गाठ सोडायला लागला. त्याची बोटं चालत नव्हती. त्यानं दातांनी सोडली.

"बघ, ताई," तो म्हणाला. "लवकर बघ."

लवकर कसं बघतात हो? सांगा मला. ज्या माणसानं मला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं, लग्नात माझी पाठवणी करताना तोंड फिरवून उभा राहिला, त्याच्याकडं लवकर कसं बघायचं? मी आधी मिशा बघितल्या. कुणीतरी त्या नीट कातरल्या होत्या, फारच नीट, बाबा कधी तशा ठेवत नसत. मग कपाळावरचा घोड्याच्या लाथेचा वण. हनुवटी बांधलेली होती. मी डोळ्यांकडं शेवटी गेले आणि तेवढ्यात कुणाचे तरी हात थकले, मयत हललं, आणि तिलेबाल्दीनं कापड ओढलं.

"अजून!" मी म्हटलं. "अरे, डोळे राहिले!"

"ताई, पुरे. माणसं दमली."

त्यांनी बाबांना वर घेतलं. मी कापडाचं टोक धरलं होतं ते कुणीतरी माझ्या मुठीतून सोडवलं, एकेक बोट करून, पण रागानं नाही. मागून माझा नवरा धापा टाकत आला. हात कोपरापर्यंत काळे, मेंढा नाही, टोपी नाही. लोकांनी त्याच्या हातांकडं बघितलं आणि त्याला जागा करून दिली. तो खांद्याला लागला आणि त्यांच्याबरोबर टेकडी चढून गेला.

मला पुढं जाता येत नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला धुळीत बसले. वरून फावड्यांचा आवाज यायला लागला. बाबांचे डोळे मिटलेले होते की किंचित उघडे, हे मी आजवर तिलेबाल्दीला विचारलेलं नाही.